झाकलेला सांधा

मंडळी, आपल्या वरकुट्याच्या एका विद्यार्थ्यानं दोन महिने माहितीपटाच्या संकलनाचं काम केलं. एका वाहिनीसाठी उजनीवर अर्ध्या तासाचा माहितीपट होत होता. कॉलेजात द्यायचा अहवाल त्यानं आम्हाला वाचायला दिला, माहितीपटही दाखवला. पोरगं समोरच बसलंय. त्याला विचारूनच आम्ही बोलतोय.

अहवाल नेटका आहे. रशेस कशा लावल्या, आवाज कसा जुळवला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कसं बसलो, सगळं आहे. आम्ही अडलो ते एका वाक्यापाशी. तो लिहितो, 'मुलाखतीतला सांधा झाकण्यासाठी पळसदेवच्या मंदिराचं दृश्य वापरलं.' बस्स. पुढच्या ओळीत रंगांविषयी सुरू.

हा सांधा काय असतो? बोलणाऱ्याचं मधलं बोलणं काढलं की पडद्यावर त्याची मान झटका बसल्यासारखी हलते. म्हणून त्या जागी दुसरं चित्र टाकायचं आणि आवाज खालून चालू ठेवायचा. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. यात पाप काही नाही. खोकला, अडखळणं, तेच तेच बोलणं असंच काढतात. आमची भाषणं छापताना आम्हीही काढतोच की!

इथं काय काढलं, ते आम्ही विचारलं. त्यानं खरं सांगितलं. भीमाकाठच्या एक विस्थापित आजी म्हणाल्या होत्या, "गाव बुडालं, घर गेलं, लई रडलो. पर पाणी आलं, ऊस झाला, पोरं शिकली. आता काय म्हणावं?" माहितीपटात आजी 'लई रडलो'वर थांबतात. यशवंतसागराचं पाणी ओसरल्यावर उघडं पडलेलं पळसदेवचं जुनं मंदिर दिसतं, बासरी वाजते. आजी पुन्हा येतात तेव्हा त्या गप्प आहेत.

चित्र सुंदर आहे हो. आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण 'आता काय म्हणावं?' हा अख्ख्या माहितीपटातला एकमेव खरा प्रश्न होता, आणि नेमका तोच गेला. धरणानं ज्या बाईचं घर नेलं, तिच्याच पोरांना धरणाच्या पाण्यावर शिकवलं. हे दोन्ही एका तोंडानं बोलणारा माणूस वाहिनीला अडचणीचा वाटतो. तिला रडणारी आजी पाहिजे असते.

रशियात कुलेशोव्हनं शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. ह्यूमनं हे सिनेमाच्या फार आधी ओळखलं होतं : दोन गोष्टी लागोपाठ आल्या की मधला दुवा आपलं मनच घालतं. आपण त्याला कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतो. संकलक मात्र कावळा मुद्दाम आणून बसवतो, म्हणून त्याची जबाबदारी मोठी.

आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न जिवावरचाही असतो. 11 जुलै 1997 ला रमाबाईनगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. पोलिसांनी टँकर पेटण्याच्या धोक्याचं कारण सांगितलं, गुंडेवार आयोगानं ते मानलं नाही. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ची सुरुवात तिथून आहे. त्या चित्रपटाला चौदा वर्षं लागली. कात्री त्यांनीही चालवली असणारच, पण शाहिरांना गाऊ देण्याइतका वेळ त्यात आहे.

पोरगं म्हणालं, "सर, वेळच नव्हता. जाहिराती वजा जाता बावीस मिनिटं." म्हणून आम्ही घड्याळ लावून बसलो. मंदिराचं दृश्य चौदा सेकंदांचं आहे. आजींची गाळलेली वाक्यं आम्ही सावकाश म्हणून पाहिली. त्यात बसतात, वर दोन सेकंद उरतात. मंदिर दाखवतच ऐकवता आली असती.

चार्वाकांचं असंच झालं. त्यांचे मूळ सूत्रग्रंथ गेले. उरलं ते बहुतेक विरोधकांनी आपल्या ग्रंथांत पूर्वपक्ष म्हणून दिलेलं. म्हणजे दुसऱ्यानं कापून दिलेले बाइटच. खाऊनपिऊन मजा करा म्हणणारे लोक, एवढीच त्यांची ओळख राहिली. चाळीस वर्षं वर्गात आम्हीही तीच ओळख करून दिली, हे कबूल करायला हवं.

कापायचा निर्णय या पोराचा नव्हता. वरिष्ठांनी सांगितलं, दोन महिन्यांसाठी आलेला शिकाऊ काय बोलणार? त्याचा दोष आम्ही त्याला देत नाही. पण अहवालावर वरिष्ठ बसले नव्हते. तिथं काय कापलं हे न लिहिता 'सांधा झाकला' एवढंच लिहिणं, म्हणजे तोच सांधा पुन्हा झाकणं. आम्ही परीक्षक असतो तर बाकीच्या पानांना पैकीच्या पैकी दिले असते आणि हे पान परत पाठवलं असतं.

तो नंतर आजींकडे गेला होता, मोबाइलवर दाखवायला. त्यांनी सगळं बघितलं, म्हणाल्या, "देऊळ झ्याक आलंय." मग विचारलं, "माझं मधलं कुठं गेलं रं?"

त्यानं काय उत्तर दिलं, ते आम्ही त्याला विचारलेलं नाही. आता माइक त्याच्याकडेच द्या.