दोन ससे

अमेरिकेंतील कृष्णवर्णी गुलामांच्या कथांतला धूर्त ससा कोल्ह्यालांडग्यांस फसवितो तो जीव वांचविण्यासाठीं. धन्याच्या चाबकाखालीं दुसरें शस्त्र तरी कोणतें होतें? जोएल चँडलर हॅरिस यांनीं या कथा १८८० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. त्याच जातकुळीचा बग्ज बनी १९४० च्या ‘अ वाइल्ड हेअर’ या व्यंगचित्रपटांत बंदूकवाल्या शिकाऱ्यापुढें खुशाल गाजर चघळतो. आम्हांसहि हंसूं येतें, नाहीं असें नाहीं! परंतु या सशाला मरणाचें भयच ठाऊक नाहीं. ‘हिप’ म्हणविणाऱ्या बेफिकीर गोऱ्या तरुणांविषयींहि आमचा हाच आक्षेप आहे. नॉर्मन मेलर यांनीं १९५७ च्या ‘द व्हाइट नीग्रो’ या निबंधांत, कृष्णवर्णीयांप्रमाणें धोक्यांत जगूं पाहणारे म्हणून त्यांचें कौतुक केलें. पण हा धोका हौसेनें पत्करिलेला, वाटेल तेव्हां टाकून घरीं परततां येईल असा.