अपयश आणि नाममुद्रा : ‘कागज के फूल’नंतरचे गुरुदत्त

एका चित्रपटाच्या अपयशाने दिग्दर्शकाची कारकीर्द खुंटली, हे विधान चित्रपटविषयक लेखनात इतक्या सहजपणे केले जाते की, त्यातील कार्यकारणभाव तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. या विधानाचे आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे गुरुदत्त. १९५९ साली ‘कागज के फूल’ प्रदर्शित झाला, प्रेक्षकांनी तो नाकारला आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांचे नाव पडद्यावर पुन्हा आले नाही. हा क्रम निर्विवाद आहे. परंतु क्रम म्हणजे कारण नव्हे. प्रस्तुत टिपणात या दोहोंमधील अंतराचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, गुरुदत्तांना अपयश नवे नव्हते. १९५१ च्या ‘बाजी’पासून १९५९ पर्यंत त्यांनी आठ चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांपैकी ‘बाज’ (१९५३) आणि ‘सैलाब’ (१९५६) यांना प्रेक्षकांचा आश्रय लाभला नाही. तरीही ‘बाज’नंतर पुढच्याच वर्षी ‘आरपार’ आला आणि ‘सैलाब’नंतर ‘प्यासा’ (१९५७). तेव्हा अपयशाने हा दिग्दर्शक थांबतो, असे म्हणता येत नाही. ‘या’ अपयशाने तो का थांबला, एवढाच प्रश्न उरतो.

दिग्दर्शकाचे काम बाहेरच्या कारणांनी थांबते ते सामान्यतः दोन प्रकारे. एक, भांडवल आटते. दोन, व्यवसायाची दारे बंद होतात. दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण इंग्लंडमधील मायकेल पॉवेल यांचे आहे. १९६० च्या ‘पीपिंग टॉम’वर तेथील वृत्तपत्रांनी एवढी कठोर टीका केली की, पुढील दशकात त्यांना ऑस्ट्रेलियात जाऊन चित्रपट करावे लागले. पहिल्या प्रकारचे संकट राज कपूर यांच्यावर ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) या चित्रपटाने आणले. परंतु १९७३ च्या ‘बॉबी’ने ते निवारले आणि त्यांचे दिग्दर्शन १९८५ पर्यंत चालू राहिले. गुरुदत्तांना यांपैकी कोणतेही कारण लागू पडत नाही. त्यांनीच निर्मिलेला, एम. सादिक दिग्दर्शित ‘चौदहवीं का चाँद’ १९६० साली प्रदर्शित झाला आणि त्याला मोठे यश मिळाले. म्हणजे अवघ्या एका वर्षात संस्था सावरली होती. शिवाय निर्माते ते स्वतःच असल्यामुळे त्यांना दिग्दर्शन नाकारणारा दुसरा कोणी नव्हता.

येथे समीक्षेने एक सोपी वाट धरली आहे. ‘कागज के फूल’चा नायक सुरेश सिन्हा हाही दिग्दर्शक, त्याचाही चित्रपट कोसळतो, तो व्यसनाधीन होतो आणि अखेर रिकाम्या स्टुडिओत, दिग्दर्शकाच्या खुर्चीत प्राण सोडतो. १९६४ साली गुरुदत्तांचा अकाली मृत्यू झाल्यावर हा चित्रपट म्हणजे त्यांचे आत्मचरित्र, किंबहुना भविष्यकथनच होय, असा समज रूढ झाला. हे वाचन मोहक असले तरी सदोष आहे. सुरेश हा स्टुडिओच्या पदरी असलेला दिग्दर्शक आहे; मालकांनी निरोप दिला की त्याचे काम संपते. ज्या स्टुडिओपद्धतीचे हे चित्र आहे, ती गुरुदत्तांनी १९४४ नंतर पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये उमेदवारी करताना जवळून पाहिली होती. १९५९ चे गुरुदत्त मात्र स्वतःच मालक होते. नायकाची व निर्मात्याची स्थिती या मूळ मुद्द्यावरच भिन्न आहे.

चित्रपटाच्या अपयशाचा सर्व दोष प्रेक्षकांच्या माथी मारणेही न्याय्य ठरणार नाही. भारतातील या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रुंद चौकटीतील रितेपणाला जे बोलके केले आणि एम. आर. आचरेकर यांनी कलादिग्दर्शनात जे साधले, ते आजही अभ्यसनीय आहे. परंतु ‘प्यासा’तील विजयसमोर ज्याचे त्याला खरे उत्तर द्यावे लागते, असा समाज उभा होता. सुरेशसमोर तसे कोणी नाही. त्याची पत्नी व तिचे माहेर यांचे चित्रण ढोबळ आहे. विनोदी उपकथानक मूळ शोकात्म सुराशी मिळत नाही. परिणामी नायकाचा अधःपात घडताना दिसत नाही, तो गृहीत धरावा लागतो. आणि करुणेची जागा आत्मकरुणा घेते.

तथापि याच चित्रपटात आपल्या प्रश्नाच्या उत्तराची दिशा सापडते, आणि ती सुरेशच्या अपयशात नसून त्याच्या नकारात आहे. शांतीच्या भिडेखातर देऊ केलेले पुनरागमन तो स्वाभिमानाने नाकारतो. दुसऱ्याच्या पुण्याईवर मिळणारे नाव त्याला नको आहे. गुरुदत्तांनी हेच सूत्र उलट्या बाजूने स्वीकारले, असे मला वाटते : त्यांनी काम सोडले नाही, नाव सोडले. ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) हा बिमल मित्र यांच्या कादंबरीवरील चित्रपट त्यांनी निर्मिला, त्यात भूमिका केली. दिग्दर्शक म्हणून नाव लागले ते त्यांचे लेखक-सहकारी अब्रार अल्वी यांचे.

‘बाज’ पडला तेव्हा एक साहसपट पडला होता. ‘कागज के फूल’मध्ये दिग्दर्शकाने दिग्दर्शनाविषयीच बोलण्याचे धाडस केले होते; त्यामुळे प्रेक्षकांचा नकार कथेपाशी न थांबता बोलणाऱ्यापर्यंत पोहोचला. कलाकृतीत कर्त्याने स्वतःला जितके गुंतवावे, तितके तिचे अपयश त्याच्या नाममुद्रेवर उमटते. अर्थात हे अनुमान आहे. पण उपलब्ध घटनांशी ते भविष्यकथनाच्या कल्पनेपेक्षा अधिक जुळते.

या भेदाचे महत्त्व केवळ चरित्रापुरते नाही. कारकीर्द खुंटणे याचा अर्थ भांडवल संपणे, परवानगी संपणे की स्वतःच्या नावाने बोलण्याची इच्छा संपणे, हे प्रत्येक वेळी वेगळे करून पाहिले पाहिजे. पहिल्या दोन हानी पुढच्या यशाने भरून निघू शकतात. तिसरी ‘चौदहवीं का चाँद’च्या यशानेही भरून निघाली नाही, आणि आठ चित्रपटांनंतर नववा मिळाला नाही, ही तिची किंमत होती.