वीररसातील अनुपस्थित भय

केंदूरपासून फार दूर नसलेल्या, शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १६८९ मधील त्यांच्या मृत्यूने मराठी लेखकांपुढे एक अवघड प्रश्न ठेवला: यातनांना सामोऱ्या जाणाऱ्या नायकाला भय वाटले, असे दाखविता येते काय?

वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मधील संभाजी पित्याच्या विश्वासाला पारखा होण्याच्या धास्तीने व्याकूळ आहे. ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) हे शीर्षकच मात्र दुबळेपणा नायकाकडून काढून मृत्यूच्या पदरी टाकते. नायकाला मनाचे भय क्षम्य ठरते, देहाचे नाही.

या संकोचामागे जुनी रसव्यवस्था आहे. उत्साह हा वीराचा स्थायिभाव, भय हा भयानकाचा. आणि हे दोन रस परस्परविरोधी मानले गेले. भरताच्या मते वीरापासून अद्भुत निष्पन्न होतो. म्हणजे प्रेक्षक विस्मित होतो, नायकाच्या अनुभवात सहभागी होत नाही. शिवाय भय वगळले की धैर्य हा निर्णय उरत नाही, तो जन्मजात गुण होतो.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील निवेदकाला जात उघड होण्याचे भय अहोरात्र छळते. कथा ते वाचकापासून लपवीत नाही. म्हणूनच तेथे ताठ मानेने वावरण्याची किंमत कळते. ऐतिहासिक नायकाला हे भय नाकारून आपण त्याचा गौरव करू पाहतो आणि त्याच्या धैर्याचे मोल कमी करून बसतो.