पत्त्यातून बाहेर पडलेलं जग

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात दोन हजार सालाच्या आगेमागे शाळेत असलेल्या पोरांना डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं वेगळी सांगायला नकोत. पत्त्यावर पैलवानाचा फोटो आणि खाली आकडे: रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. गोष्ट कुठंच छापलेली नसे. तरीही अंडरटेकर मरून परत उठला, आत्ताचा खरा नव्हेच, ही बातमी देशभरातल्या शाळांमध्ये पक्की होती. दोन आकड्यांमधल्या रिकाम्या जागेत पोरांनी अख्खं पुराण रचलं होतं.

संग्रही पत्त्यांचं जग रोल-प्लेइंग खेळात न्यायचं, म्हणजे या रिकाम्या जागेचं काय करायचं ते ठरवायचं. या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात आणि अडलं तिथं फासे टाकले जातात. १९७४ साली आलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा आद्य खेळ. पत्त्यांतून असं जग उचलण्याची रीत मात्र नव्वदच्या दशकातली. ‘लीजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’चे पत्ते १९९५ मध्ये आले, त्याच जगाचा रोल-प्लेइंग खेळ १९९७ मध्ये. पत्त्यांच्या स्पर्धा कोण जिंकतं यावर त्या जगाची अधिकृत कथा पुढं सरकायची. कल्पना झकास, पण टेबलावर बसलेल्यांची पंचाईत. तुम्ही रात्रभर खपून वाचवलेलं त्या जगातलं घराणं दूरच्या शहरातला कोणी अनोळखी खेळाडू पुढच्या महिन्यात बुडवणार. जग जिवंत ठेवायचं आणि त्याची मालकीही सोडायची नाही, हा घोळ या कलेत अजून मिटलेला नाही.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ १९९३ चं. त्याची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट. तिनं १९९७ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ही विकत घेतलं. दोन्ही खेळ एका घरात आले, तरी त्यांची सोयरीक जुळायला जवळपास वीस वर्षं गेली. मॅजिकची जगं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये खेळता यावीत म्हणून २०१६ पासून जेम्स वायट यांच्या ‘प्लेन शिफ्ट’ या छोट्या पुस्तिका फुकट मिळू लागल्या. त्या वाचताना पर्यटन खात्याचं माहितीपत्रक हातात असल्यासारखं वाटतं: इथं हे राहतात, तिथं ते सापडतात. खेळातलं जग चालवणारा नवखा त्यावर एखादी लढाई उभी करील, वैर मात्र उभं करू शकणार नाही.

खरं काम केलं ते २०१८ च्या रॅव्हनिकावरच्या पुस्तकानं. मॅजिकमध्ये पाच रंग. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या दहा, म्हणून रॅव्हनिका या शहरात दहा संघ. पुस्तकानं रंगांचं गणित बाजूला ठेवून त्यातून माणसांची नाती काढली. पात्र तयार करतानाच तुमच्या संघातला जवळचा कोण, खार खाणारा कोण आणि दुसऱ्या संघातली ओळख कोणती, हे तक्त्यावर फासा टाकून ठरतं. पहिला वार व्हायच्या आधीच उधारी चालू! थेरॉसच्या पुस्तकात (२०२०) देवावरची निष्ठा आकड्यात मोजली जाते. कल्पना बरी, वापर यांत्रिक. स्ट्रिक्सहेवन (२०२१) हे जादूचं महाविद्यालय. परीक्षा आहेत, मैत्रीचे गुण आहेत, पण कसलं भय नाही.

आपल्या वाचकाला टोचायला हवं ते कलादेश. मॅजिकच्या २०१६ च्या या पत्त्यांवर भारताची छाप उघड आहे: पितळी नक्षी, साड्या, घिरापूर नावाचं शहर, आविष्कारांचं भव्य प्रदर्शन. चित्रं देखणी आहेत, त्यात वाद नाही. या जगाचं नाव पुढं बदलून ‘आविष्कार’ झालं. २०१७ च्या ‘प्लेन शिफ्ट: कलादेश’मध्ये तिथले लोक, यंत्रं आणि सरकार यांची ओळख मिळते, ऊर्जेवर ताबा कोणाचा हा झगडाही आहे. पण त्या शहरात कोणाच्या हातचं पाणी कोणाला चालतं? लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणाचं धरण आहे. धरण म्हटलं की जमीन कोणाची गेली आणि कालवा कोणाच्या शेताला आला, यावर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं तुटलेलं असतं. एवढा एक प्रश्न कलादेशाच्या ऊर्जेला विचारला असता तर जग उभं राहिलं असतं. वेशभूषा उचलली, भाऊबंदकी तिथंच राहिली. याउलट मिमी मंडल यांचं २०२२ मधलं ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ हे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं कथानक पत्त्यांवरून आलेलं नाही. बंगालच्या नदीकाठावरून आलेलं आहे, आणि तो फरक जाणवतो.

आपल्याकडं पत्त्यांत जग भरण्याची कला मॅजिकपेक्षा कितीतरी जुनी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दहावं पान भारी, उरलेल्या पाचांत क्रम उलटा: एक्का भारी, दश्शी हलकी. डाव दिवसा असेल तर सुरुवात रामाची, रात्री असेल तर कृष्णाची. वेळेनुसार सत्ता बदलणारा हा नियम म्हणजे तयार नाट्यबीज आहे. आणि त्याच मुलखात दशावतारी नाटक चालतं. आख्यान ठरलेलं, संवाद लिहिलेले नसतात. समोरच्यानं टाकलेलं वाक्य झेलत पहाट करायची. वेद पळवणारा संकासुर तिथं मालवणीत प्रेक्षकांना हसवतो. मत्स्याच्या पानामागची अख्खी भानगड त्या एका पात्रात आहे.

लाखकाम आणि गंजिफा सावंतवाडीच्या राजघराण्यानं १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली, म्हणून ती आज विकत तरी मिळतात. पण बहुतेक घरांत ती चौकटीत बसवून भिंतीवर जातात. पाने रंगवणारे आणि रात्रभर उत्स्फूर्त बोलणारे एकाच तालुक्यात राहतात. या दोघांना एका टेबलाशी बसवायला लागेल ते नियमांचं एक पातळ पुस्तक, तेही मराठीत, आणि त्यात पहिला तक्ता राक्षसांचा नको, देण्याघेण्याचा हवा.