जुना कंठ आणि नवी साथ

दिवंगत गायकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून केवळ त्याचा कंठ उचलावयाचा आणि त्याखाली आजच्या वाद्यांची अथवा यंत्रनिर्मित ठेक्याची साथ घालावयाची, हा प्रकार आता अपूर्व राहिलेला नाही. त्याविषयी आपल्याकडे दोन मते ठामपणे मांडली जातात. जुन्या मुद्रणास हात लावणे हीच मुळात विटंबना होय, असे एक मत. तर गाणे नव्या पिढीपर्यंत पोहोचले म्हणजे झाले, त्यात बिघडले काय, असे दुसरे. आमच्या मते या दोहोंतही मूळ प्रश्न निसटतो. कंठ आणि साथ यांचा परस्परसंबंध नेमका कोणत्या स्वरूपाचा असतो, याचा निर्णय झाल्यावाचून त्या संबंधात बदल करणे योग्य की अयोग्य हे सांगता येणार नाही.

प्रथम तंत्राचा विचार करू. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गायन मुद्रित केले, तेव्हा गायिका आणि साथीदार एकाच कर्ण्यासमोर बसत, आणि जे उमटे ते सर्व एकाच रेषेत मेणाच्या तबकडीवर कोरले जाई. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आले. तथापि कंठ आणि वाद्ये यांचे प्रवाह एकमेकांत मिसळलेलेच राहिले. त्यामुळे अशा मुद्रणातून कंठ सुटा करणे दीर्घकाळ अशक्यप्राय होते. कॅसेटच्या काळात ‘झंकार’ नावाने जी गाणी घरोघरी वाजली त्यांत जुन्या मुद्रणावर वरून ढोलकी वा ड्रमचा एक थर चढविलेला असे. आतली मूळ साथ तशीच राही. गेल्या काही वर्षांत मात्र संगणकाला मिश्र ध्वनीतून कंठ वेगळा काढणे साधले आहे. २०१९ साली ‘स्प्लीटर’ ही प्रणाली सर्वांस विनामूल्य उपलब्ध झाली. २०२३ साली बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे प्रसिद्ध झाले, तेही अशाच तंत्राच्या बळावर. जॉन लेनन याने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस घरगुती फितीवर ठेवलेला आवाज पियानोखाली दबलेला असल्यामुळे १९९५ च्या सुमारास त्याचा नाद सोडून द्यावा लागला होता. तोच आवाज आता मोकळा झाला. आज मुंबईच्या स्टुडिओत जे घडते ते सोलापुरातील एखाद्या गल्लीत, एका संगणकावर, एका दुपारीत घडू शकते.

आता तत्त्वाकडे वळू. भाषाविज्ञानात वाक्य आणि उक्ती यांत भेद केला जातो. वाक्य ही व्याकरणाची रचना. उक्ती म्हणजे ते वाक्य विशिष्ट व्यक्तीने, विशिष्ट क्षणी, विशिष्ट श्रोत्यास उद्देशून उच्चारणे. ‘ये’ हा एकच शब्द आर्जवाने उच्चारला तर आमंत्रण होतो, दरडावून उच्चारला तर आज्ञा. मुद्रित गायन हे या अर्थाने वाक्य नसून उक्ती आहे. शिवाय ती एकट्याची उक्ती नव्हे. गायक ओळ संपवून थांबतो तो तबलजीने तेथे जागा भरावी म्हणून. स्वर लांबवितो तो पेटीने आधार दिला आहे म्हणून. शब्द फेकतो तो कोरस तो झेलणार आहे म्हणून. गाणे हा संवाद आहे, आणि साथ हा त्यातील दुसरा वक्ता आहे. साथ बदलणे म्हणजे एका व्यक्तीचे बोलणे कायम ठेवून तिच्याशी बोलणारी व्यक्ती बदलणे होय. असा बदल मुळातच निषिद्ध आहे असे नाही. पण नव्या वक्त्याने पहिल्याचे म्हणणे ऐकले की नाही, हा प्रश्न तेथे अपरिहार्यपणे उभा राहतो. पहिला वक्ता आता आपले बोलणे बदलू शकत नसल्यामुळे ऐकण्याचे सारे उत्तरदायित्व नव्यावर येते.

या दृष्टीने आपल्या जिल्ह्यातीलच उदाहरण घेऊ. मंगळवेढ्याशी नाते सांगणाऱ्या शिंदे घराण्यातील प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा कंठ सोलापूरच्या रस्त्यांवर वर्षातून अनेकदा ऐकू येतो. आषाढीच्या दिवसांत त्यांची विठ्ठलगीते ऐकू येतात, गणेशोत्सवात गणपतीची गाणी, आणि एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीते. कव्वालीच्या मेळ्यात तयार झालेला हा खुला, वरच्या पट्टीत सहज फिरणारा, लोकांनी ‘पहाडी’ म्हणून गौरविलेला आवाज आहे. कव्वालीत कोरस आणि टाळी गायकाला सतत उत्तर देत असतात. त्यामुळे या गायकाचा विराम हा रिकामा कधीच नसतो, तो दुसऱ्याला दिलेला अवसर असतो. मिरवणुकीतील डीजेच्या मिश्रणांत याच विरामांची प्रथम वाट लागते. यंत्राचा ठेका रेसभर न हलणारा. कंठाची लय मात्र श्वासाबरोबर किंचित सैलावणारी व आवळणारी. दोघांचा मेळ बसावा म्हणून कंठाचे तुकडे करून ते ठेक्याच्या चौकटीत बसविले जातात, श्वास कापला जातो, आणि एखादा नाममात्र शब्द पुनःपुन्हा फिरविला जातो. भीमगीत हे सांगणारे गीत आहे. त्यात इतिहास, उपदेश आणि आवाहन असते. त्यातील केवळ नाव उरले आणि सांगणे गेले, तर गायक ऐकू येतो, पण बोलत नाही.

हानी केवळ लयीपुरती नाही, ती उच्चाराचीही आहे. वेग वाढविण्यासाठी मुद्रण नुसते जलद फिरविले तर पट्टी चढते आणि त्याबरोबर स्वरांना ओळख देणारे अनुनादही वर सरकतात. प्रौढ पुरुषाचा आवाज लहान मुखाचा भासू लागतो. पट्टी कायम राखून केवळ काळ आवळला, तर क, ट, प यांसारख्या स्पर्शांचा सेकंदाच्या काही शतांश इतका अल्प स्फोट बोथट होतो. ण आणि न, ळ आणि ल यांतील भेद बव्हंशी शेजारच्या स्वरातील क्षणिक वळणावर अवलंबून असतो. तोही पुसट होतो. स, श आणि दंततालव्य च यांचे घर्षण ज्या उच्च वारंवारितांत असते, त्यांतच झांजेचा नादही असतो. त्यामुळे कंठ सुटा करताना झांजेसमवेत घर्षणही गळून जाते. सोलापूरसारख्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकत्र नांदणाऱ्या प्रदेशातील लोकगायकांची मुद्रणे ही बोलींच्या अभ्यासाची साधने आहेत. कोणी कोठे ण म्हटला आणि कोठे न, हे ज्यातून समजावयाचे तेच या प्रक्रियेत नष्ट होते.

तरीही शुद्धतावाद्यांचा पक्ष आम्हास मान्य नाही. मूळ मुद्रणही निसर्गसिद्ध नव्हते. कर्ण्यावर सुमारे २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा उमटत असे, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपासच जागा असे. बैठकीत तासभर रंगणाऱ्या गायकाने त्या मर्यादेसाठी आपली कला छाटून घेतली. तंत्राशी तडजोड ही ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनची आहे. दुसरे असे की, ज्या वस्तीत भीमगीत हाच ग्रंथालयाचा पर्याय होता, तेथील विशीतील तरुणास प्रल्हाद शिंदे यांचा आवाज भेटतो तो बहुधा या मिश्रणांतूनच. ती भेट तुच्छ लेखण्याचा अधिकार विद्यापीठातील अभ्यासकास नाही. चांगली मिश्रणेही संभवतात. नॅटली कोल हिने १९९१ साली आपल्या दिवंगत पित्याच्या जुन्या मुद्रणासमवेत ‘अनफरगेटेबल’ हे युगुलगीत सिद्ध केले. तेथे पित्याच्या ओळीनंतर कन्येची ओळ येते, म्हणजे विरामाचा मान राखला जातो. नवा वक्ता तेथे ऐकतो आहे, हे कानास पटते.

नामनिर्देश हा या विचाराचा शेवटचा, पण गौण नव्हे असा भाग. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गीत दत्ता पाटील यांचे, चाल मधुकर पाठक यांची आणि कंठ प्रल्हाद शिंदे यांचा. मिश्रणे हातोहात फिरतात तेव्हा अग्रभागी नाव असते ते मिश्रण करणाऱ्याचे. गीतकार व संगीतकार तर पार लुप्त होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलावंताचे दोन नैतिक हक्क मान्य केले आहेत : सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा, आणि कीर्तीस बाध आणणारी मोडतोड रोखण्याचा. जुन्या मुद्रणांना हे हक्क कितपत लागू पडतात हा विधिज्ञांचा विषय. समीक्षेने मात्र हीच दोन मूल्ये कसोटी म्हणून स्वीकारण्यास हरकत नसावी.

या कसोटीची निकड आता वाढली आहे. २०२४ साली ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या व शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने घडविले. कुटुंबीयांची अनुमती घेतली आणि मोबदलाही दिला. व्यवहार सचोटीचा होता. परंतु तेथे आवाज आहे, उक्ती नाही. कारण ते शब्द त्या गायकांनी कधी उच्चारलेच नव्हते. मिश्रणात निदान मनुष्याने खरोखर केलेली एक उक्ती शिल्लक असते. म्हणूनच ती जपण्याजोगी आहे.

सारांश, कोणत्याही मिश्रणास तीन प्रश्न विचारावेत : गायकाचा श्वास राखला आहे काय, शब्द कळतो काय, नावे सांगितली आहेत काय. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ठेका कितीही नवा असो, आमची तक्रार नाही. आणि मिश्रणे होत राहणारच असल्यामुळे, सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा येथील घरांत ज्या तबकड्या व कॅसेट अद्याप शिल्लक आहेत, त्यांची मूळ वेगात, कोणताही फेरफार न करता, वेष्टनावरील सर्व नावांसह नोंद करून ठेवणे हे विद्यापीठीय विभागांचे तातडीचे कार्य ठरते. मूळ उक्ती हाताशी राहिली, तरच नव्या साथीने ती ऐकली की नाही हे पुढील पिढीस ठरविता येईल.