जुन्या फोटोंखालच्या ओळी

इंग्रज अधिकारी रसेल आणि त्यांचे सहकारी हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने प्रसिद्ध केला. वऱ्हाड १९०३ मध्येच मध्य प्रांताला जोडला गेला होता. त्यामुळे वऱ्हाडातल्या यवतमाळ भागात राहणाऱ्या गोंड, कोलाम, बंजारा, पारधी या समाजांची वर्णनं त्यात आहेत. डोक्यावर उंच शिंग बांधलेल्या बंजारा बायका, प्रवासाला निघालेले गोंड असे फोटोही आहेत. खाली जमातीचं नाव येतं, माणसाचं येत नाही.

हे खंड आता प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही उघडता येतात. स्कॅनिंगचं काम झालं, ते मोलाचंच आहे. पण फोटो पानापासून सुटा होऊन फिरू लागला की त्याला चिकटलेली इंग्रज अधिकाऱ्याची ओळच त्याची ओळख बनते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला गेला, पण जुन्या नोंदींमध्ये आणि म्हणून शोधयंत्रात तो शाबूत आहे. पारधी बेड्यावरच्या मुलीने आपल्या समाजाचं नाव शोधलं तर पहिल्यांदा तिला काय दिसावं, हा प्रश्न मला तांत्रिक वाटत नाही.

पैनगंगेपलीकडे, आदिलाबादेत, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात गोंड आणि कोलामांचे फोटो काढले. ते लंडनच्या सोआस विद्यापीठाने ऑनलाइन ठेवले आहेत. हा संग्रह उजवा आहे, कारण अभ्यासक त्या माणसांमध्ये राहिला होता. तरी नोंदी इंग्रजीतच. झरी-जामणीच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, आजोबांना त्यांचा काय उपयोग?

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर उभी राहिलेली ‘मुकुर्तू’ ही डिजिटल संग्रहाची प्रणाली पुढे गेली आहे. कोणता फोटो सर्वांसाठी, कोणता फक्त घरच्यांसाठी, हे तिथे समाज ठरवतो. आपल्याकडे हा अधिकार संग्रहालयातल्या कारकुनाकडे राहतो, नाहीतर कुणाकडेच नाही.

फोटो काढून टाकावेत, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर इंग्रज सरकारने काय केलं याचा पुरावाच जाईल. जुनी ओळ लिहिणाऱ्याच्या नावासह आणि सालासह राहू द्यावी. वर कोलामी, गोंडी, गोरमाटी आणि मराठीत नवी नोंद यावी. उघडी शरीरं, मोजमापासाठी उभी केलेली माणसं, दुष्काळातले हाडांचे सापळे हे सगळं मात्र पूर्वसूचनेशिवाय आणि सरसकट डाउनलोडला खुलं नसावं. पूजाविधींचे फोटो दाखवायचे की नाही, हे कोलामांच्या पोडाने आणि बंजाऱ्यांच्या तांड्याने सांगावं.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने यात पुढाकार घ्यावा. डिजिटायझेशनचं पुढचं टेंडर काढताना स्कॅनिंगच्या दराशेजारी आणखी एक रकाना ठेवावा : केळापूर, मारेगाव, झरी-जामणीच्या पोडांवर जाऊन हे फोटो दाखवण्याचा आणि तिथल्या जाणत्यांना मानधन देण्याचा खर्च.