गालात स्वतःचंच रक्त: पीआरपीच्या जाहिरातीत काय नसतं

'प्लेटलेट' हा शब्द आपल्या घरांत बहुधा डेंग्यूमुळे आला. कुणाचा तरी काउंट घसरलेला आणि कुणीतरी पपईच्या पानांचा रस घेऊन हजर! दोह्यात वेस्ट बेच्या काचेच्या टॉवर्समध्ये नोकरी करत असाल, तर हाच शब्द आता स्किन क्लिनिकच्या जाहिरातीत भेटतो. पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. जाहिरातीचा सूर ठरलेला: रक्त तुमचंच, म्हणजे नैसर्गिक, म्हणजे सुरक्षित, म्हणजे गुणकारी. यातला प्रत्येक 'म्हणजे' तपासून बघू या.

आधी प्रक्रिया. हातातून रक्त काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, लाल पेशी खाली बसतात. वरच्या पिवळसर प्लाझ्मातला प्लेटलेटनी दाट झालेला भाग सुईने चेहऱ्यात सोडतात. कल्पना बिनबुडाची नाही. प्लेटलेटमधले ग्रोथ फॅक्टर जखम भरताना पेशींना खरोखरच कामाला लावतात. पण जखम भरणं वेगळं आणि उन्हाने रापलेली त्वचा पुन्हा तरुण होणं वेगळं. जाहिरात हे अंतर एका उडीत पार करते.

मग पुरावा? २०१८ साली 'जामा डर्मेटॉलॉजी'त अमेरिकेतली एक छोटी, पण नेटकी चाचणी छापून आली. प्रत्येकाच्या एका गालात पीआरपी, दुसऱ्यात साधं सलाईन. कुठल्या गालात काय, हे ना त्या व्यक्तीला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. सहा महिन्यांनी १९ जणांचे निकाल पाहिले. लोकांना स्वतःला पीआरपीच्या गालाचा पोत सुधारल्यासारखा वाटला. त्वचारोगतज्ज्ञांना मात्र बारीक सुरकुत्या, डाग, खरखरीतपणा, यांपैकी कशातच दोन गालांमध्ये ठोस फरक दिसला नाही.

१९ माणसं आणि एकच सेशन, त्यामुळे 'पीआरपी थोतांड आहे' असा निकाल यावरून देता येत नाही. पण गंमत बघा. जाहिरात विकते 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसणारा फरक. नेमका तोच इथे सापडला नाही. शिवाय पीआरपी हे एक ठरलेलं औषधही नाही. तुमचा काउंट, मशीन, फिरवण्याचा वेग, सगळ्यावर शेवटची दाटी ठरते. शेजारच्या क्लिनिकमध्ये त्याच नावाखाली वेगळाच द्रव मिळू शकतो.

आता 'सुरक्षित'. रक्त तुमचं असतं, पण सुई, नळी आणि टेबल क्लिनिकचं असतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये पीआरपी-मायक्रोनीडलिंग करून घेतलेल्या तीन स्त्रियांना बहुधा तिथूनच एचआयव्हीची लागण झाली, असं तिथल्या सीडीसीने २०२४ मध्ये नोंदवलं. परवानाधारक, स्वच्छ क्लिनिकमध्ये हा धोका फार कमी असतो. पण तो कमी असतो तो स्वच्छतेमुळे, 'स्वतःच्या' रक्तामुळे नव्हे.

आणि कतारमध्ये तर चेहऱ्याचा खरा वैरी डोक्यावरच तळपत असतो. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं एक चाचणी झाली. तिचे निकाल २०१३ मध्ये आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं वय वाढणं मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळलं. या साध्या ट्यूबमागचा पुरावा पीआरपीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

तरीही करून घ्यायचंच असेल, तर जरूर करा. चेहरा तुमचा, पगारही तुमचा. फक्त खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी विचारा. सुई टोचणाऱ्याकडे कतारच्या आरोग्य मंत्रालयाचा परवाना आहे का? सुया आणि नळ्या माझ्यासमोर नव्या उघडणार का? आणि पीआरपीऐवजी सलाईन टोचलं असतं, तर हा फोटो वेगळा दिसला असता का? पहिल्या दोन प्रश्नांना चांगल्या क्लिनिकमध्ये लगेच उत्तर मिळेल. तिसऱ्याला काय उत्तर मिळतं, ते ऐकून मगच पैसे भरा.